निर्मळ नमुन्याचा बाजार

नोव्हेंबर २००८मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या फेडरल न्यायालयात कॅलिफोर्नियाच्या दोन व्यापाऱ्यांनी गुन्हा कबूल केला. कंपनीचे नाव पक टेक्नॉलॉजी, गाव सिग्नल हिल आणि मालाचे नाव व्हिझिनेटर. हा माल म्हणजे कमरेला बांधायचा एक पट्टा, त्याला जोडलेली छोटी पिशवी, पिशवीला लावलेले कृत्रिम पुरुषलिंग (गिऱ्हाइकाच्या कातडीशी जुळावे म्हणून वेगवेगळ्या रंगांत), वाळवलेल्या लघवीची पुडी आणि ऊब देणारी पॅड. नोकरीच्या ठिकाणी अमली पदार्थांची तपासणी होते तेव्हा स्वतःच्या लघवीऐवजी दुसऱ्याची निर्मळ लघवी बाटलीत पडावी, आणि शेजारी कोणी उभे असले तरी त्याला संशय येऊ नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

वाचकाला हसू येईल. मलाही आले होते. पण हा खटला वाचताना हसू ओसरले की एक कोडे शिल्लक राहते. या सामानातली एकेक वस्तू सुटी करून पाहिली तर एकीवरही बंदी नाही. पट्टा कोणीही विकावा. ऊब देणारी पॅड औषधाच्या दुकानात मिळते. कृत्रिम लिंगाची दुकाने अमेरिकेत राजरोस आहेत. लघवी हा काही अमली पदार्थ नव्हे, आणि या पुडीतली लघवी तर मुद्दाम अमली पदार्थांपासून मुक्त असलेली. मग गुन्हा नेमका कशाचा? मी वकील नाही. निकालपत्रे वाचण्याचा नाद तेवढा आहे, आणि त्या नादातून या प्रश्नामागे बरेच दिवस हिंडलो. हिंडता हिंडता जे सापडले ते लघवीपेक्षा भाषेशी अधिक निगडित आहे, म्हणून एका वाङ्मयीन अंकात त्याला जागा मागायचे धाडस करतो.

हा बाजार उभा राहिला तो सरकारी हुकमाने. सप्टेंबर १९८६मध्ये अध्यक्ष रीगन यांनी १२५६४ क्रमांकाचा आदेश काढला आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामावर व कामाबाहेर अमली पदार्थांपासून दूर राहावे, त्यासाठी तपासण्या व्हाव्यात, असे ठरले. पुढच्याच ४ जानेवारीला मेरीलँड राज्यातील चेस या गावाजवळ एक भीषण अपघात झाला. मालगाडीची तीन इंजिने लाल सिग्नल ओलांडून मुख्य मार्गावर आली आणि वेगाने येणारी अ‍ॅमट्रॅकची प्रवासी गाडी त्यांच्यावर आदळली. १६ माणसे मेली. इंजिनाचा चालक आणि त्याचा सहकारी गांजा ओढत होते असे चौकशीत निष्पन्न झाले. धोक्याची सूचना देणाऱ्या शिटीचा आवाज बंद व्हावा म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावलेली होती, हेही त्याच चौकशीत निघाले. लोकांच्या लक्षात गांजा राहिला, चिकटपट्टी राहिली नाही. चिकटपट्टी कोणत्याही मूत्रतपासणीत सापडत नाही.

त्यानंतर चक्रे भराभर फिरली. एप्रिल १९८८मध्ये आरोग्य खात्याने तपासणीची सक्तीची नियमावली जारी केली. १९८९च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले आणि रेल्वे कामगारांच्या व कस्टम खात्यातील काही कर्मचाऱ्यांच्या तपासण्या घटनेला धरून आहेत असे ठरवले. कस्टमच्या खटल्यात ३,६०० जणांच्या तपासणीत पाचच जण दोषी आढळले होते. न्यायमूर्ती स्कालिया हे काही उदारमतवादी म्हणून ओळखले जात नसत, पण त्यांनीही या निकालाविरुद्ध कडक मतपत्रिका लिहिली. १९९१च्या कायद्याने ट्रक, रेल्वे, विमान, बस अशा वाहतुकीतल्या लाखो कामगारांवर ही तपासणी कायमची आली. खाजगी मालकांना तर राज्यघटनेचे बंधनच नव्हते, कारण झडतीविरुद्धचे घटनात्मक संरक्षण सरकारपासून मिळते, कारखानदारापासून नाही. दुकानातला मदतनीस, गोदामातला हमाल, बँकेतला कारकून, सगळेच बाटली हातात घेऊन रांगेत उभे राहू लागले.

या तपासणीचा एक गुण, किंवा दोष, नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा बाजार कळत नाही. दारूसाठी श्वास तपासतात तेव्हा माणूस या क्षणी झिंगलेला आहे का, ते कळते. लघवीत मात्र नशा दिसत नाही, नशेचा शरीराने केलेला चुरा दिसतो. गांजाच्या बाबतीत हा चुरा चरबीत मुरतो आणि हळूहळू बाहेर पडतो. नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडे सापडू शकतो. कोकेन दोनतीन दिवसांत निघून जाते. म्हणजे शुक्रवारी रात्री कोकेन घेणारा मंगळवारी सुटण्याची शक्यता बरीच, आणि तीन आठवड्यांपूर्वी घराच्या अंगणात गांजा ओढणारा अडकण्याची शक्यताही बरीच. मापही अतिशय सूक्ष्म आहे. सरकारी नियमावलीत गांजासाठी पहिल्या चाचणीची मर्यादा अनेक वर्षे एका मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅम होती, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ज्याला आपण कामाच्या वेळी शुद्धीत होतो याची खात्री आहे आणि तरी नोकरी जाण्याचीही खात्री आहे, असा एक मोठा वर्ग या तपासणीने जन्माला घातला. तो गिऱ्हाईक झाला.

व्यापारी लगेच आले. सुरुवातीच्या काळात त्यांच्या बोलण्यात बंडखोरीचा सूर होता. साठच्या दशकातल्या चळवळीतला बिनीचा खोडकर कार्यकर्ता ॲबी हॉफमन याने १९८७मध्ये या तपासण्यांविरुद्ध एक अख्खे पुस्तकच काढले. टेक्सासमधील ऑस्टिन शहरात जेफ्री नाइटबर्ड नावाचा त्याच पिढीतला एक गृहस्थ वाळवलेल्या लघवीची पूड विकत असे. आपण खाजगीपणाच्या हक्काची बाजू लढवतो आहोत असे ही मंडळी म्हणत, आणि त्यात थोडे तथ्यही होते. पुढे बंडखोरी ओसरली, दुकान राहिले. मालाचे तीन प्रकार पडले: पिण्याचे, लघवीत मिसळण्याचे आणि लघवीच्या जागी वापरण्याचे. पहिल्या प्रकारातला बराचसा माल म्हणजे भरपूर पाणी पिण्याचा सल्ला, जीवनसत्त्वे आणि चकचकीत बाटली. दुसऱ्या प्रकारातली रसायने लघवीतल्या पुराव्याला नष्ट करण्याचा दावा करीत. तिसऱ्यात खरी किंवा बनावट लघवी. प्रयोगशाळाही स्वस्थ नव्हत्या. नमुना दिल्यानंतर चार मिनिटांच्या आत त्याचे तापमान पाहणे, क्रिएटिनिन नावाचे शरीरातले नेहमीचे द्रव्य पुरेसे आहे का ते मोजणे, परकी रसायने शोधणे, असे टप्पे वाढत गेले. चोर आणि पोलीस दोघांचीही विद्या एकमेकांच्या जिवावर वाढली.

आता कायदा. अमेरिकेत असा माल विकण्यावर बंदी घालणारा संपूर्ण देशाचा स्वतंत्र कायदा नाही. लोकप्रतिनिधींनी तो आणण्याचा प्रयत्न केला, २००८मध्ये एक विधेयकही मांडले गेले, पण ते मंजूर झाले नाही. राज्यांनी मात्र आपापले कायदे केले, आणि त्यांत मेळ नाही. टेक्सासमध्ये १९९१पासून तपासणीत फसवणूक करणे हा गुन्हा आहे, आणि असा माल बनवणे किंवा पुरवणे हा त्याहून वरच्या पायरीचा. पेनसिल्व्हेनियात निर्मळ लघवी विकणे हा किरकोळ गुन्हा. इलिनॉयमध्ये तो गंभीर गुन्ह्यांच्या वर्गात जातो. बऱ्याच राज्यांत काहीच नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे सोयीचे वाटेल, पण टपालाने माल पाठवणाऱ्याला त्याचा पत्ता सोयीचा पडत नाही. गिऱ्हाईक ज्या राज्यात, तिथल्या न्यायालयात त्याला उभे करता येते. स्वतःच्या गावात सभ्य दुकानदार असलेला माणूस दोन हजार किलोमीटरवर आरोपी ठरू शकतो, आणि माल पाठवण्यासाठी टपालखात्याला दिलेला पत्ताच त्याच्याविरुद्धचा पुरावा होतो.

या राज्यकायद्यांची खरी परीक्षा साउथ कॅरोलिनात झाली. ग्रीनव्हिल परगण्यातला केनेथ कर्टिस हा नळजोडणीच्या कामातला कारागीर. तो स्वतः काही घेत नसे, तरीही तपासण्यांनी तो चिडला होता. १९९६च्या सुमारास त्याने धंदा काढला, तोही स्वतःची लघवी विकण्याचा. सोबत पिशवी, नळी, ऊब देणारी पुडी आणि कसे वापरावे याचा कागद. कंपनीच्या नावात ‘प्रायव्हसी’ हा शब्द होता. राज्याच्या विधिमंडळाने १९९९मध्ये कायदा केला तो कर्टिसला समोर ठेवूनच, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. तपासणीत फसवणूक करण्याच्या हेतूने लघवी विकणे, देणे, वाटणे, बाजारात आणणे किंवा राज्यात आणणे हा गुन्हा ठरला. कर्टिसने त्याविरुद्ध आधी स्वतःच न्यायालयात धाव घेतली आणि हरला. मग पोलिसांच्या साध्या वेषातल्या माणसांनी त्याच्याकडून माल घेतला, खटला भरला, शिक्षा झाली. २००४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम केली आणि त्याच्या वाट्याला सहा महिन्यांचा तुरुंगवास आला. दरम्यान त्याने शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनात बस्तान हलवले होते. २००२मध्ये त्या राज्यानेही तसाच कायदा केला.

साउथ कॅरोलिनाच्या कायद्यातले ‘हेतूने’ हे पद महत्त्वाचे. लघवी विकणाऱ्याचा हेतू सरकार कसे सिद्ध करणार? वैद्यकीय प्रयोगशाळांना यंत्रे जुळवण्यासाठी बनावट लघवी लागते, ती कायदेशीरपणे विकली जाते. मसुदा लिहिणाऱ्यांनी यावर एक युक्ती काढली आणि ती नंतर इतर राज्यांनीही उचलली. विक्रीसोबत ऊब देणारे साधन असेल, किंवा तपासणी चुकवण्याच्या सूचना असतील, तर फसवणुकीचा हेतू गृहीत धरायचा. प्रयोगशाळेला लघवी अंगाच्या उबेइतकी गरम करून लागत नाही, ती लागते बाटलीवरची तापमानपट्टी फसवणाऱ्याला. थोडक्यात, बाटलीतल्या द्रवाने गुन्हा होत नाही. शेजारची पुडी आणि सूचनांचा कागद गुन्हा करतो. व्यापाऱ्याचे लेखन हेच त्याचे हत्यार आणि तेच त्याचे कबुलीपत्र.

हे कळल्यावर व्यापाऱ्यांनी लेखन बदलले. मालावर ‘केवळ गंमत म्हणून’, ‘बेकायदा कामासाठी नाही’ अशी वाक्ये छापली जाऊ लागली. आपल्याकडे दारूच्या कंपन्या सोड्याची जाहिरात करतात, तोच हा प्रकार. अडचण अशी की न्यायालय एका वाक्यावर थांबत नाही. १९९४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आयोवा राज्यातल्या एका दुकानाच्या खटल्यात चिलमी व तत्सम साहित्याबद्दल निर्णय दिला. एखादी वस्तू अमली पदार्थांसाठी ‘मुख्यत्वे’ आहे का, हे विक्रेत्याच्या मनात डोकावून ठरवायचे नाही, त्या वस्तूचा संभाव्य उपयोग काय, हे बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींवरून ठरवायचे, असे न्यायालय म्हणाले. सोबतच्या सूचना, जाहिरात, दुकानात वस्तू कशी मांडली आहे, तिचा दुसरा कोणता प्रामाणिक उपयोग आहे का, हे सगळे बघितले जाते. विक्रेत्याला आपला माल बहुधा अमली पदार्थांसोबत वापरला जाणार याची जाणीव होती एवढेही पुरते. गंमत म्हणून घेतलेल्या वस्तूसोबत तापमान पाहायची पट्टी का लागते, या प्रश्नाला ‘गंमत’ हे उत्तर पुरे पडत नाही.

केंद्र सरकारच्या वकिलांकडे स्वतंत्र कायदा नव्हता, तरी जुनी दोन कलमे होती. अमली पदार्थांच्या साहित्याविषयीच्या कलमात असे पदार्थ बनवणे, गाळणे, ओढणे यांबरोबर ते ‘लपवणे’ असाही शब्द आहे. तो मुळात पोकळ डब्या आणि खोट्या तळाच्या पिशव्यांसाठी असावा. माणसाच्या शरीरात मुरलेला चुरा तपासनिसापासून दडवणे म्हणजे अमली पदार्थ ‘लपवणे’च, असा अर्थ काढला गेला. दुसरे कलम अमेरिकेच्या सरकारला फसवण्याच्या कटाचे. इथे ‘फसवणे’ म्हणजे पैसे लुबाडणे इतकेच नाही. १९२४च्या एका निकालापासून, कपटाने सरकारच्या कायदेशीर कामात खोडा घालणे हेही त्यात बसते. ट्रकचालकाची तपासणी सरकारी नियमाने होते. ती निष्फळ व्हावी म्हणून माल विकणे म्हणजे सरकारला फसवण्याचा कट. या युक्तिवादाला कुंपण आहे, आणि ते व्यापाऱ्यांनी फार कमी वेळा लक्षात घेतले. खाजगी गोदामातल्या हमालाच्या तपासणीत सरकार फसत नाही. पण विक्रेत्याला गिऱ्हाईक कोण हे ठाऊक नसते. त्याने जाहिरातीत ‘कोणतीही तपासणी’ असे लिहिले की सरकारी तपासणीही त्यात आपोआप आली.

पिट्सबर्गच्या खटल्यात हीच दोन कलमे लावली होती. त्याआधी मे २००५मध्ये वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली होती. सरकारच्या हिशेबतपासणी कार्यालयाने सांगितले की तपासणी फसवणारी सुमारे ४०० उत्पादने बाजारात आहेत. विक्रेत्यांना बोलावले, त्यांनी स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनात्मक हक्क वापरून तोंड उघडले नाही. त्याच महिन्यात वर्तमानपत्रांना एक किस्सा मिळाला होता: मिनेसोटा व्हायकिंग्जच्या ऑन्टेरिओ स्मिथ या फुटबॉलपटूच्या सामानात विमानतळावर व्हिझिनेटर सापडले होते. विनोदी कार्यक्रमांना खाद्य झाले आणि कंपनीला फुकटची जाहिरात. सरकारी वकील मेरी बेथ बुकानन यांनी मात्र ते हसण्यावारी नेले नाही. कॅलिफोर्नियातल्या कंपनीने मागवलेला माल पेनसिल्व्हेनियात पाठवला म्हणून त्यांनी याआधी चिलमी विकणाऱ्यांविरुद्ध मोहीम चालवली होती, आणि २००३मध्ये विनोदी नट टॉमी चाँग याला त्याच प्रकारे नऊ महिने तुरुंगात पाठवले होते. व्हिझिनेटरच्या दोघांपैकी मुख्य मालकाला २०१०मध्ये सहा महिने कैद झाली, दुसऱ्याला देखरेखीखाली मोकळे सोडले.

माझे मत विचाराल तर, ‘लपवणे’ या शब्दाची ओढाताण मला पटत नाही. कायद्याचा शब्द रबरासारखा ताणता येतो हे एकदा दिसले की तो उद्या कोणावर बसेल हे सांगता येत नाही. ज्या संसदेने स्पष्ट कायदा करण्याचे टाळले, तिच्या वतीने वकिलाने तो शब्दकोशातून काढावा हे बरे दिसत नाही. फसवणुकीच्या कटाचा युक्तिवाद मात्र बराच भक्कम वाटतो. चेसच्या अपघातातली माणसे ही कल्पना नव्हती, आणि ट्रकच्या चाकापाशी बसलेल्या माणसाच्या तपासणीत खोट घालून पैसे मिळवणाऱ्याला खाजगीपणाचा सैनिक म्हणणे कठीण आहे. कर्टिसला ते म्हणता येईल का, यावर मी अजून अडखळतो. आपल्या तक्रारीचा त्याने माल केला, आणि कोण विकत घेतो हे पाहिले नाही.

या धंद्याची किंमत कोणी मोजली, हे पाहिले की अडखळणे थोडे कमी होते. गिऱ्हाइकापासून सुरुवात करू. माल फसला तर पैसे परत, किंवा दुप्पट परत, अशी हमी या जाहिरातींत सर्रास असते. पण हमी मागायला जाणाऱ्याने आधी आपण फसवणूक करीत होतो हे कबूल करायचे. फसवणुकीच्या करारावर न्यायालय हात लावत नाही. आपल्याकडेही १८७२च्या करार कायद्याचे २३वे कलम हेच सांगते. वाहतूक खात्याच्या नियमांत भेसळ किंवा बदललेला नमुना म्हणजे तपासणीला ‘नकार’, आणि नकाराचे परिणाम दोषी ठरण्याइतकेच. कृत्रिम साधन अंगावर सापडले तरी तो नकारच. काही राज्यांत वापरणाराही गुन्हेगार. आधी फक्त नोकरी जायची, आता नोकरीबरोबर गुन्ह्याची नोंदही.

दुसरी किंमत अशांनी मोजली ज्यांनी असले काही विकत घेतले नव्हते. लघवी पातळ असेल तर ती बदललेली, असे मानायची एक मर्यादा ठरली: एका डेसिलिटरमागे क्रिएटिनिन ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. लहान चणीच्या, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाची लघवी स्वभावतःच इतकी पातळ असू शकते, हे नंतर ध्यानात आले. डेल्टा विमान कंपनीतील एका परिचारिकेला याच कारणावरून काढले. तिने तपासणाऱ्या प्रयोगशाळेवर निष्काळजीपणाचा दावा लावला, ज्युरीने तिला चार लाख डॉलर दिले, आणि २००३मध्ये अपील न्यायालयाने ते कायम केले. त्याच वर्षी वाहतूक खात्याने ही मर्यादा ५ वरून २ वर आणली. ज्यांच्यावर खोटेपणाचा शिक्का आधीच बसला आणि जे न्यायालयापर्यंत पोचले नाहीत, ते कुठे गेले याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

तिसरी किंमत सर्वांत जड. एकदा तपासणीत सापडलेला, उपचार घेऊन कामावर परतलेला रेल्वे कामगार किंवा ट्रकचालक पहिल्या बारा महिन्यांत कमीत कमी सहा वेळा तपासला जातो. २००८मध्ये वाहतूक खात्याने नियम केला की या तपासण्या समोर उभे राहून करायच्या. अंगरखा कमरेच्या वर उचलायचा, चड्डी मांड्यांपर्यंत खाली घ्यायची, एक गिरकी घ्यायची, आणि कृत्रिम अवयव नाही याची खात्री पटल्यावर, समोरचा माणूस बघत असताना, लघवी करायची. कामगार संघटना आणि बीएनएसएफ रेल्वे कंपनी, म्हणजे एरवी भांडणारे दोघे, या नियमाविरुद्ध एकत्र न्यायालयात गेले. मे २००९मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियम टिकवला. हा प्रकार अंगावर येणारा आहे हे न्यायालयाने मान्य केले. पण फसवणुकीचा माल इतका सहज मिळतो की सरकारला दुसरा मार्ग उरत नाही, असेही म्हटले. निकालपत्रात व्हिझिनेटरचे नाव आहे. सिग्नल हिलमध्ये सुमारे दीडशे डॉलरला विकलेल्या एका पट्ट्यामुळे, ज्याने तो कधी पाहिलाही नाही अशा माणसाला सहा वेळा अनोळखी माणसासमोर उघडे व्हावे लागते. खाजगीपणाच्या नावाने सुरू झालेल्या धंद्याने उरलासुरला खाजगीपणा असा संपवला.

आपल्याशी या साऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फराळाच्या ताटातून येतो. अनारशावर आपण जी खसखस लावतो तिचे दाणे अफूच्या बोंडातले. त्यांच्यावर अफूचा चीक किंचित चिकटून राहतो आणि खाणाऱ्याच्या लघवीत मॉर्फिन दिसू शकते. अमेरिकेच्या नियमावलीत मॉर्फिनची मर्यादा पूर्वी ३०० नॅनोग्रॅम होती. खसखस घातलेला पाव खाऊन माणसे सापडू लागली, तेव्हा १९९८मध्ये ती २,००० केली. तरीही फेब्रुवारी २०२३मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळायला सांगितले. भारताच्या १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात ‘पॉपी स्ट्रॉ’च्या व्याख्येतून बी मुद्दाम वगळलेले आहे, म्हणून आपले अनारसे निर्धास्त. आखाती देशांत, विशेषतः अमिरातीत, खसखस नेणे मात्र धोक्याचे. पुण्या-मुंबईतल्या ज्या मुलांना अमेरिकन ग्राहकाच्या कामावर जाण्यापूर्वी दहा पदार्थांची तपासणी द्यावी लागते, त्यांनी दिवाळीनंतरच्या आठवड्यात काय खाल्ले होते हे डॉक्टरांना आधी सांगून ठेवावे. ती फसवणूक नव्हे. या तपासणीत खरे बोलण्याचा तो एक चांगला मार्ग आहे.

आपल्या देशात विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२२च्या अखेरीपासून वैमानिक, विमानातील कर्मचारी व हवाई नियंत्रकांसाठी अशा तपासण्या सुरू केल्या. तपासणी चुकवणारा माल विकण्यावर मात्र वेगळे कलम नाही. फसवणूक, चिथावणी आणि कट यांची सर्वसाधारण कलमे आहेत, म्हणजे पिट्सबर्गला जी वाट होती तीच. आपल्या न्यायालयांसमोरही तेव्हा जाहिरातीतले एखादे वाक्यच पुराव्यात येईल.

अमेरिकेत बाजू पुन्हा हलते आहे. जून २०२३पासून वाहतूक खात्याने लाळेच्या नमुन्याला परवानगी दिली. गालाच्या आतून काडी फिरवायची, ती दुसऱ्याच्या समोरच, चड्डी न उतरवता. बाटलीचा आणि पट्ट्याचा धंदा त्याने बसेल. नियम लागू झाला तेव्हा त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणित प्रयोगशाळाच नव्हत्या, म्हणून कामगार बाटलीच घेऊन उभा राहिला. आणि ज्या कॅलिफोर्नियातून व्हिझिनेटर निघाले, तिथे १ जानेवारी २०२४पासून कायदा बदलला. लघवीत गांजाचा निष्क्रिय चुरा सापडला एवढ्या कारणावरून तिथला मालक बहुतेक नोकऱ्यांत कामगाराला काढू शकत नाही. बांधकाम आणि केंद्र सरकारच्या नियमाखालच्या नोकऱ्या यातून वगळल्या आहेत. म्हणजे त्याच राज्यातला ट्रकचालक अजून बाटली घेऊन उभा आहे, आणि त्याच्यासाठी माल विकणाराही अजून गुन्हेगारच आहे.